आजोबांच्या ट्रंकेतले पत्त्यांचे कॅट आणि अपुरी गंजिफा : काय ठेवावे आणि कसे ठेवावे?

उभादांडा

सर्वांस नमस्कार. वेंगुर्ल्याच्या आमच्या घराची कौले यंदा पावसाळ्यापूर्वी उतरवावी लागली, तेव्हा माळ्यावरची आजोबांची पत्र्याची ट्रंक खाली आली. आजोबा हयातभर मालवाहू बोटींवर इंजिनखात्यात नोकरीला होते आणि रजेवर येताना बंदराबंदरांतून काही ना काही घेऊन येत. घड्याळे, कापड, चिनी मातीची भांडी केव्हाच वाटली गेली. पत्त्यांचे कॅट मात्र कोणी मागितले नाहीत, म्हणून ते एकत्र राहिले. त्यांपैकी चार गोष्टींबद्दल मला जाणकारांचे मार्गदर्शन हवे आहे.

पहिला कॅट विमान कंपनीचा असून त्याच्या पाठीवर झुकून अभिवादन करणारे महाराजा आहेत आणि डबीवर ‘एअर इंडिया इंटरनॅशनल’ असे छापलेले आहे. दुसऱ्या कॅटमधील बावन्न पत्त्यांवर युरोपातल्या नदीकाठच्या गावांची बावन्न वेगवेगळी छायाचित्रे आहेत, डबीच्या तळाशी ‘मेड इन वेस्टर्न जर्मनी’ असा मजकूर आहे. तिसरा सर्वांत गमतीचा आहे. त्यात बदाम, इस्पिक, किलवर, चौकट यांच्या खुणाच चित्रात मिसळून टाकल्या आहेत. बदाम पंजीवर पाच जणांचे चेहरे म्हणजेच पाच बदाम, तर इस्पिक तिर्रीवर तीन काळ्या छत्र्या. या कॅटमधून चौकट दुर्री आणि किलवर अठ्ठी हरवली आहे. चौथी वस्तू आजोबांनी परदेशातून आणलेली नसून आजीच्या माहेरची असावी : सरकत्या झाकणाची, वर वेलबुट्टी रंगवलेली लाकडी पेटी आणि तीत गोल, हाताने रंगवलेले ११४ पत्ते, म्हणजे बहुधा गंजिफा.

गणपतीला मुंबईहून सर्व मंडळी येतील तेव्हा या वस्तूंचे काय करायचे ते ठरेल. धाकट्या काकांचे म्हणणे असे की, अपुरे कॅट टाकून द्यावेत आणि बाकीचे विकावेत. चुलतभाऊ गोल पत्ते ओल्या फडक्याने पुसून लॅमिनेट करून घ्यावेत म्हणतो, कारण काहींवर बुरशीचे ठिपके दिसू लागले आहेत. मला हा संग्रह राखायचा आहे, जमल्यास वाढवायचाही आहे. या कॅटांचा काळ कसा ओळखावा, अपुऱ्या कॅटला काही अर्थ असतो का आणि आपल्याकडच्या दमट हवेत हे टिकवावे कसे?

बदाम_सत्ती (रत्नागिरी)

चुलतभावाला प्रथम थांबवा. पुसणे आणि लॅमिनेट करणे या दोन्हींबद्दल इथले अन्य सदस्य लिहितीलच; मी तुमच्या छापील कॅटांपुरते बोलते.

पत्त्यांचा काळ ठरवताना चित्रापेक्षा डबीवरची अक्षरे अधिक विश्वासार्ह साक्ष देतात, म्हणूनच डबी, जोकर, कोरा जादा पत्ता आणि वेष्टनाचा तुकडा यांतले काहीही वेगळे करू नये. महाराजा हे चिन्ह १९४६ साली बॉबी कूका आणि चित्रकार उमेश राव यांनी घडवले. एअर इंडिया इंटरनॅशनल ही कंपनी १९४८ साली स्थापन झाली, त्याच वर्षी ८ जून रोजी तिचे पहिले विमान मुंबईहून लंडनला निघाले आणि १९६२ साली नावातला ‘इंटरनॅशनल’ हा शब्द गळाला. तेव्हा तुमची डबी १९४८ ते १९६२ या काळातली आहे, असे मानायला हरकत नाही. आजोबा बोटीवर असताना विमानातला कॅट त्यांच्याकडे कसा आला, हे मात्र घरातल्या वडीलधाऱ्यांना जरूर विचारा. बोटीवर रुजू होण्यासाठी किंवा करार संपल्यावर परतण्यासाठी खलाशांना विमानाने पाठवले जाई, हे एक सहज सुचणारे कारण आहे. पण घरातली आठवण त्याहून मोलाची ठरेल आणि ती आताच लिहून ठेवायला हवी.

‘वेस्टर्न जर्मनी’ हे शब्द असतील तर तो कॅट १९४९ ते १९९० या काळातला. भारतीय बनावटीच्या कॅटांनाही अशाच खुणा असतात. किंमत आण्यांत असेल तर ती बहुधा १ एप्रिल १९५७ पूर्वीची, कारण त्या दिवशी दशमान नाणी आली. ‘नये पैसे’ असेल तर १९५७ ते १९६४. डबीवरच्या कारखान्याच्या टपाली पत्त्यात पिनकोड असेल तर तो कॅट १५ ऑगस्ट १९७२ नंतरचाच. इंग्लंडमधल्या कॅटांमध्ये इस्पिकचा एक्का इतका नक्षीदार का असतो, असा प्रश्न पुढे तुम्हाला पडेल. तिथे पत्त्यांवर सरकारी कर असे आणि तो भरल्याची खूण दीर्घकाळ याच एक्क्यावर छापली जाई. १८६२ नंतर ती खूण वेष्टनावर गेली, तरी कारखानदारांनी सवयीने एक्का नटवायचे सोडले नाही. तो कर १९६० साली रद्द झाला. कोपऱ्यातले आकडे आणि गोलसर कोपरे या दोन्ही गोष्टी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रुळल्या, त्यामुळे कोपरे टोकदार आणि आकडे नसलेला कॅट हाती आला तर तो काळजीपूर्वक पाहावा. मात्र जुन्या कॅटांची हुबेहूब पुनर्मुद्रणे पुष्कळ निघालेली आहेत, हे विसरू नये.

तुमच्या तिसऱ्या कॅटबद्दल नेमका हाच प्रश्न आहे. खुणांना चित्रात विरघळवण्याचा हा प्रकार युरोपात एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी फार लोकप्रिय झाला. जर्मनीत ट्यूबिंगेनच्या कोटा या प्रकाशकाने १८०५ सालासाठी असा कॅट पंचांगाच्या स्वरूपात काढला आणि छापील परंपरेची सुरुवात त्याच्यापासून मानतात. खुणेची जागा जराही न हलवता तिच्याभोवती चित्र बसवायचे, ही चित्रकाराची खरी कसोटी असते. कित्येक चित्रकार दुर्री-तिर्रीत बाजी मारतात आणि नश्शी-दश्शीपाशी येऊन दमतात, कारण दहा खुणा सामावतील असे चित्र सुचणे सोपे नसते. तुमच्या कॅटमधली दश्शी कशी साधली आहे, ते पाहिले की चित्रकाराचा वकूब कळेल. खलाशाला परवडलेला कॅट मूळ जुना असण्यापेक्षा नंतरचे पुनर्मुद्रण असण्याची शक्यता अधिक आहे. कागद झगझगीत पांढरा असेल, पृष्ठभागावर प्लास्टिकसारखी तकाकी असेल आणि भिंगाखाली रंगांचे बारीक ठिपके एकसारख्या ओळींत दिसत असतील, तर शंका घ्यावी. तसे निघाले तरी ते टाकू नका; पुनर्मुद्रणांचाही संग्रह करणारे लोक आहेत.

दोन पत्ते नसलेला कॅट विकायला गेल्यास किंमत निश्चितच उतरते, पण संग्रहाच्या दृष्टीने तो निरुपयोगी नसतो. केवळ जोकर जमवणारे, केवळ इस्पिकचे एक्के जमवणारे आणि केवळ पाठीची चित्रे जमवणारे लोक जगभर आहेत. अशा चित्रपत्त्यांच्या कॅटमध्ये तर प्रत्येक पत्ता स्वतंत्र चित्र असतो.

जाता जाता एक विचारते : आजोबांची बोट जपानला जात असे का? निन्तेंदो ही आज व्हिडिओ गेमसाठी ओळखली जाणारी कंपनी १८८९ साली क्योतोमध्ये फुलांच्या चित्रांचे जपानी पत्ते बनवण्यासाठी निघाली आणि १९५३ मध्ये तिने प्लास्टिकचे पत्ते बाजारात आणले. ट्रंकेत असा एखादा कॅट असेल तर मला कृपया कळवा, मी स्वार्थापोटी विचारत आहे.

झब्बू_मालवणी

वरील प्रतिसाद वाचनीय आहे, पण माझे मत थोडे वेगळे आहे. पत्ते खेळण्यासाठी असतात. आजोबांनी ते कॅट कपाटाची शोभा म्हणून आणले नसतील; जागरणाच्या रात्री माजघरात घोंगडीवर मेंढीकोट आणि पाच-तीन-दोन खेळण्यासाठीच आणले असतील. विमान कंपनीचे कॅट त्या काळी प्रवाशांना वाटले जात, ते काही दुर्मीळ रत्न नव्हे. त्या कॅटवर गणपतीत एक डाव टाकावा आणि मग ठेवून द्यावा. गोल पत्त्यांना मात्र हात लावू नये, एवढे मलाही कळते.

चितारआळी

गोल पत्त्यांबद्दल लिहितो. आपल्या वर्णनावरून ही सावंतवाडीच्या धाटणीची गंजिफा दिसते. आजींचे माहेर सावंतवाडी संस्थानात असेल, तर ती त्या बाजूने आली असणे सर्वस्वी संभवनीय आहे.

प्रथम ती कोणती गंजिफा हे ठरवा. सर्व पत्ते एका चादरीवर पसरा आणि खुणांप्रमाणे ढीग लावा. मासा, कासव, शंख, चक्र, कमंडलू, परशू, बाण, गाय, कमळ, तलवार अशा दहा खुणा निघाल्या तर ती दशावतारी. तिचे १२० पत्ते असतात : प्रत्येक अवताराचा राजा, प्रधान आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंतची दहा पाने. खुणा आठ निघाल्या तर ती ९६ पत्त्यांची मोगल गंजिफा, जिला आपल्याकडे चंगकांचन म्हणत. तिच्यात ताज, शमशेर, गुलाम, चंग असे रंग असतात. नऊ ग्रहांची १०८ पत्त्यांची नवग्रह गंजिफाही आहे. तुमच्याकडे ११४ पत्ते असल्याने दशावतारीचीच शक्यता अधिक आहे, पण अंदाजावर न थांबता मोजून पाहा.

हा खेळ भारतात रुजला तो मोगलांबरोबर. बाबराने १५२७ साली सिंधच्या शाह हसनला गंजिफा पाठवल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रात आहे, आणि अकबराच्या दरबारातील पत्त्यांचे वर्णन अबुल फजलने केले आहे. त्या राजा-वजिरांच्या जागी दशावतार कसे बसले, हा निराळा आणि मोठा विषय होईल. दक्षिण कोकणात दशावतार देवळाच्या जत्रेत नाटकातून भेटतो तसाच तो पत्त्यांतूनही घराघरांत होता, इतके येथे पुरे.

ढीग लावताना एक नियम ध्यानात घ्या, म्हणजे तुमचे पत्ते जुन्या खेळाडूंनी कोणत्या क्रमाने हाताळले असतील ते समजेल. मत्स्यापासून वामनापर्यंतच्या पहिल्या पाच अवतारांत राजा-प्रधानाच्या खालोखाल दश्शी मोठी आणि एक्का सर्वांत लहान. परशुरामापासून कल्कीपर्यंतच्या पाचांत हा क्रम उलटतो, म्हणजे एक्का मोठा आणि दश्शी सर्वांत लहान. खेळायला तिघे लागतात, प्रत्येकाला चाळीस पाने येतात. डाव दिवसा असेल तर रामाच्या राजाने आणि रात्री असेल तर कृष्णाच्या राजाने उघडतात. हुकूम नसल्यामुळे सारा भर कोणती पाने उतरून गेली हे लक्षात ठेवण्यावर असतो. रमी खेळणाऱ्याला हा खेळ सुरुवातीला संथ वाटतो, पण शेवटच्या दहा-बारा हातांत स्मरणशक्तीचा पुरता घाम निघतो.

आता एक पत्ता हातात घ्या आणि कडेकडून पाहा. जुनी पद्धत अशी की, सुती कापडाचे थर चिंचोक्याच्या खळीने एकावर एक चिकटवायचे, त्यावर खडूच्या भुकटीचा लेप द्यायचा, दगडाने घोटून पृष्ठभाग गुळगुळीत करायचा, मग चकत्या कापून रंगवायच्या आणि शेवटी लाखेचा हात द्यायचा. त्यामुळे जुन्या पत्त्याच्या कडेला, जिथे लेपाचा टवका उडालेला असतो तिथे, कापडाचे धागे दिसतात आणि पांढऱ्या जागा लाखेमुळे मधाळ पिवळ्या पडलेल्या असतात. माशाच्या किंवा शंखाच्या रेषांकडे भिंगातून पाहा. सराईत चितारी एका दमात कुंचला फिरवतो, त्यामुळे रेषा सुरुवातीला जाड आणि शेवटी केसासारखी बारीक होते; एकाच पत्त्यावरच्या आठ माशांपैकी कोणतेही दोन अगदी सारखे नसतात. छापील नकलेत ते तंतोतंत सारखे असतात.

ही कला एकेकाळी जवळजवळ संपलीच होती. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीस सावंतवाडीचे शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी यांनी पुंडलिक चितारी या वृद्ध कारागिराकडून ती समजून घेतली आणि राजवाड्यातच काम सुरू केले. आज राजवाड्यात जाऊन कारागिरांना पत्ते रंगवताना पाहता येते. सावंतवाडीच्या गंजिफेला आता भौगोलिक मानांकनही मिळालेले आहे. आपल्या पेटीतले पत्ते या पुनरुज्जीवनाच्या आधीचे आहेत की नंतरचे, हे ठरवण्यासाठी दोन-चार पत्ते घेऊन तिथे दाखवणे हा मला सर्वांत सरळ मार्ग वाटतो.

विक्रीबाबत काकांच्या कानावर एक गोष्ट घालावी. १९७२च्या पुरावशेष कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुन्या चित्रित वस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाहीत. इंटरनेटवर परदेशी ग्राहक चांगली किंमत देऊ करतात, तेव्हा ही बाब हटकून विसरली जाते. पत्ते हस्तिदंताचे किंवा कासवाच्या पाठीचे असतील, जसे दरबारी गंजिफांत असत, तर वन्यजीव कायद्याने त्यांचा देशांतर्गत व्यापारही वर्ज्य आहे. आपले पत्ते तसे दिसत नाहीत, परंतु संग्रह वाढवताना हे ठाऊक असावे.

कागदवेडा

मी कागद आणि हस्तलिखितांच्या जतनाचे काम करतो, त्यामुळे फक्त तेवढ्यापुरतेच लिहीन.

गंजिफेला पाणी लावू नका. खळ आणि खडूचा लेप पाण्याने फुगतो आणि रंगासकट सुटून येतो. स्पिरिट किंवा सॅनिटायझर तर त्याहून वाईट, कारण लाख अल्कोहोलमध्ये विरघळते. बुरशीचे ठिपके कोरडे असतील तर घराबाहेर, सावलीत, नाकातोंडावर मास्क लावून मऊ रंगकामाच्या ब्रशने हलक्या हाताने झाडावेत, आणि ओलसर असतील तर आधी पत्ते एकेक करून पंख्याच्या मंद वाऱ्यात सुटे ठेवावेत. कडक उन्हात घालायचा मोह होतो, पण लेप तडकतो आणि पत्ता वाटीसारखा वळतो. एकमेकांना चिकटलेले पत्ते नखाने किंवा सुरीने सोडवू नयेत. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या एका कारखान्याने युद्धकैद्यांसाठी असे पत्ते बनवले होते की, पाण्यात भिजवून थर सोडवला की आतून पळवाटेच्या नकाशाचा तुकडा निघे. ही कथा वाचून उत्साहाने जुना कॅट भिजवणारे महाभाग मी पाहिले आहेत. लॅमिनेशन म्हणजे उष्णता आणि न निघणारा गोंद, त्यामुळे तो विषय बंदच करावा.

आपल्याकडे खरा शत्रू जून ते सप्टेंबर हा काळ आहे. हवेतील सापेक्ष आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर दीर्घकाळ राहिली की बुरशी धरते, आणि किनाऱ्यावर पावसाळ्यात ती ८५च्या पुढे सहज असते. सारी खोली कोरडी ठेवणे सामान्य घरात शक्य नाही, म्हणून डबा कोरडा ठेवावा. घट्ट झाकणाचा पॉलिप्रॉपिलीनचा डबा घ्या, त्यात सिलिका जेलच्या पुड्या आणि एक छोटा आर्द्रतामापक ठेवा. आकडा ४५ ते ५५च्या दरम्यान राहिला की पुरे. खडे रंग बदलू लागले की ते मंद आचेवर तापवून पुन्हा वापरता येतात. सिलिका पत्त्यांना थेट लागू देऊ नये, अन्यथा गंजिफेचा लेप अति कोरडा होऊन तडे जातात. डब्याला बाहेरच्या भिंतीला टेकून असलेल्या लोखंडी कपाटात जागा देऊ नका, कारण त्या भिंतीला ओल येते. डांबरगोळ्याही नकोत, त्यांचा वास तर कायम राहतोच, शिवाय काही प्लास्टिक आणि रंग त्यांनी मऊ पडतात.

छापील कॅटांच्या डबीला रबरबँड लावलेले असतील तर आजच काढा. रबर वितळून पुठ्ठ्याला चिकटते आणि तपकिरी पट्टा कायमचा उमटतो. फाटलेल्या डबीला सेलोटेप लावू नये. सुटे पत्ते पाहण्यासाठी ठेवायचे असतील तर पॉलिएस्टरच्या पारदर्शक पाकिटांत ठेवावेत. स्टेशनरीच्या दुकानात मिळणारी, तीव्र वासाची मऊ पीव्हीसी पाकिटे टाळावीत, कारण ती काही वर्षांनी चिकट होऊन छपाईची शाई ओढून घेतात. कसर लागलेली आढळली, म्हणजे कडा कुरतडल्यासारख्या दिसल्या आणि चंदेरी किडा पळाला, तर तो कॅट इतरांपासून ताबडतोब वेगळा काढावा.

आणि काहीही करण्यापूर्वी प्रत्येक पत्त्याचे पुढून-मागून छायाचित्र घ्या. मंडळी जमल्यावर पाने हातोहात फिरणार, हे गृहीत धरून चाला.

उभादांडा

सर्वांचे मनःपूर्वक आभार. चादर पसरून ढीग लावले. खुणा दहा निघाल्या, म्हणजे दशावतारीच. मोजणीत एक विचित्र गोष्ट आढळली. सात पाने कमी आहेत, त्यांत कूर्माचा राजा आणि कल्कीची तीन पाने येतात. पण परशूच्या सत्त्या दोन आहेत, म्हणून एकूण बेरीज ११४ भरते. या दोन सत्त्यांपैकी एक इतरांहून किंचित जाड असून तिच्यावरचे परशू आखूड दांड्याचे, काहीसे कोयत्यासारखे काढलेले आहेत. लाखही तिच्यावर फिकी आहे. तिची पाठ मात्र इतरांशी मिळतीजुळती रंगवली आहे. हे पान दुसऱ्या गंजिफेतून मिसळले असावे का?

बदाम_सत्ती, जपानी कॅट सापडला नाही. झब्बू_मालवणी, आपली सूचना काकांना फार पटली आहे.

झब्बू_मालवणी

११४ पाने तिघांत बरोबर ३८ येतात. मी फक्त हिशेब सांगितला.

चितारआळी

पाठ मुद्दाम जुळवलेली असेल तर ते पान चुकून मिसळलेले नाही. मूळ सत्ती हरवली म्हणून चिताऱ्याकडून नवी करून घेतली आणि पुढे मूळ सत्ती घरातच सापडली, असे घडले असावे. पाठ वेगळी राहिली असती तर प्रतिस्पर्ध्याला पान ओळखू आले असते, म्हणून ती जुळवणे भाग होते. तुमच्याकडे लोक ही गंजिफा प्रत्यक्ष खेळत होते, याचा यापेक्षा चांगला पुरावा मिळणे कठीण. ते पान काढून टाकू नका, आणि मूळ सत्तीबरोबर एकाच पाकिटात ठेवून ‘जोडपान’ अशी चिठ्ठी घाला.

हरवलेली सात पाने नव्याने रंगवून घ्यायची असतील तर राजवाड्यातील कारागिरांना विचारता येईल. जुन्या पानांची रंगसंगती समोर असेल तर काम चांगले होते, म्हणून कूर्माचा प्रधान आणि कल्कीची एक-दोन पाने सोबत न्या, सगळी पेटी नेऊ नका. नवी पाने जुन्यासारखी मळवून देण्याचा आग्रह धरू नये. कोणी, कोणत्या साली रंगवली ते कागदावर लिहून तो कागद पेटीतच ठेवावा. आणि कूर्माचा राजा तयार झाला की त्याचे छायाचित्र येथे अवश्य टाका.